अक्कांचा अंगठा

सुमतीअक्कांबद्दल चांगलं बोलायची वेळ आली की मला अजूनही आधी घसा खाकरावा लागतो. बोलतो मी चांगलंच, आणि खोटंही बोलत नाही. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी जिभेवर काहीतरी तिखट येऊन बसतं, आणि ते गिळायला मला एक क्षण लागतो.

परवा साताऱ्याच्या एका कॉलेजात मुलांसमोर बोलायला गेलो होतो. हातात धरून खेळायच्या गेमिंग कन्सोलच्या बाजारात आपल्याकडच्या नव्या यंत्राला कितपत जागा आहे, असा विषय. बॅटरी, पडदा, किंमत, परदेशी कंपन्या, सगळ्यावर तासभर बोललो. शेवटी एका मुलीनं विचारलं, "सर, हे सगळं तुम्ही कुणाकडून शिकलात?" मी पुण्यातल्या माझ्या जुन्या साहेबांचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की मी पुन्हा अक्कांचं नाव गाळलंय. म्हणून हे लिहायला बसलो.

कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरात हायवेच्या कडेला एका गाळ्यात आम्ही 'भिंगरी' नावाचं कन्सोल बनवत होतो. दोन्ही हातांनी धरायचं, मधे पडदा, उजवीकडे बटनं आणि डावीकडे दिशा द्यायची छोटी दांडी. कंपनी अभयची. अभय कॉलेजात माझ्या मागे दोन वर्षं होता. वडील सुभेदार होऊन फौजेतून परतलेले, घरचा ऊस, आणि ह्याच्या डोक्यात लहानपणापासून खेळांचं वेड. यंत्राची रचना मात्र माझी. पुण्यातली चांगली नोकरी सोडून मी गावाकडे आलो होतो आणि त्याची कुणीतरी दखल घ्यावी अशी माझी फार इच्छा होती.

बाजारात आमच्यापुढे आधीच दोघं उभे होते. एक मोठ्या परदेशी कंपनीचं यंत्र, देखणं आणि महाग. दुसरं चिनी, स्वस्त, आत शेकडो जुने खेळ भरून आलेलं. आम्ही त्या दोघांच्या मधे घुसू पाहत होतो. खेळ मराठीत, बॅटरी जास्त टिकणारी, आणि बिघडलं तर कऱ्हाड-सांगलीत दुरुस्त होणारं. कागदावर ते फार छान दिसायचं. कागद मीच केला होता.

अशात अभयनं यंत्रं तपासायला एक बाई आणल्या. पन्नाशीच्या, काटकुळ्या, चष्म्याला काळी दोरी, पदर कमरेला खोचलेला. सुमतीअक्का. मिरजेच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावातल्या जैन घरातल्या. नवऱ्याचं जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं आणि तिथं वीस-बावीस वर्षं त्यांनी पाण्याच्या मोटारींत तांब्याची तार भरली होती. त्या कामानं उजव्या हाताचा अंगठा टोकाला चपटा झाला होता. शिक्षण सातवीपर्यंत. त्यांनी आयुष्यात कधी कन्सोल पाहिलेलं नव्हतं.

मी अभयला बाजूला घेऊन म्हणालो, "अरे, ह्यांना आपण काय तपासायला देणार?"

"मोटार भरताना किती वेढे झाले ते त्या न मोजता सांगतात," अभय म्हणाला. "बोटांनाच कळतं म्हणे. मी स्वतः बघितलंय."

त्यांची तपासायची पद्धत पाहून मला पहिल्या दिवशी हसू आलं. आमच्याकडे त्यासाठी टेबल होतं, भिंग होतं, मी तयार केलेली चाळीस मुद्द्यांची यादी होती. अक्का चाकाची खुर्ची सरकवून लाकडी स्टुलावर बसायच्या, यंत्र मांडीवर घ्यायच्या, वर पदर टाकायच्या आणि डोळे मिटायच्या. पदराखाली हात चालायचे. पास झालं की तळाला खडूचा निळा ठिपका. नापास झालं की "ह्ये रुसलंय" एवढंच म्हणून डाव्या हाताला ठेवायच्या.

"बघून का तपासत नाही?" मी विचारलं.

"डोळा लगीच भुलतोय सायेब. हाताला इचारल्यालं बरं असतंय."

सगळी पोरं हसली. मीही हसलो. पण महिनाभरात दोन मुली पदर नसताना ओढणी टाकून यंत्रं तपासायला लागल्या, आणि माझी चाळीस मुद्द्यांची यादी भिंतीवर तशीच राहिली.

अक्का सूर्य मावळायच्या आत जेवायच्या. कांदा-बटाटा चालत नव्हता, त्यामुळे डबा कायम वेगळा. हिवाळ्यात साडेपाचलाच उठायच्या. पाच महिन्यांत असं झालं की साडेपाचला सगळा गाळा उठायला लागला. कुणी चहा घ्यायचं, कुणी अक्कांच्या डब्यातली शेंगाचटणी. मी चार वेळा लेखी सांगूनही ज्या लोकांनी चहाची वेळ पाळली नव्हती, ते अक्कांच्या भाकरीवर घड्याळ लावायला लागले. ही फार छोटी गोष्ट आहे हे मला कळतं. तेव्हाही कळत होतं.

पहिली मोठी ठिणगी बटनावरून पडली. बटनाखालचं रबर निवडायला मी तीन महिने घालवले होते. मऊ, आवाज न करणारं, परदेशी यंत्रापेक्षाही हलकं. अक्कांनी दहा यंत्रं घेतली आणि दहाही डाव्या हाताला ठेवली.

"आता ह्यांना काय झालं?"

"लय मऊ हाय सायेब. दाबलं का न्हाई त्ये बोटाला कळंना. बटनानं व्हय म्हटलं पायजे."

"म्हणजे काय?"

"आपन हाक मारल्यावर मानसानं ओ द्यावी का न्हाई? ह्ये ओ देत न्हाई. मंग मानूस परत दाबतंय, जोरात दाबतंय. तासाभरात बोट दुखाय लागतंय."

मी त्यांना समजावून सांगितलं की जगात सगळीकडे हलक्या बटनांकडे कल आहे. त्या ऐकून घेत होत्या. अभयनं दोन प्रकारची बटनं गाळ्यातल्या सगळ्यांना खेळायला दिली. अक्का म्हणाल्या तेच झालं. आम्ही रबर बदललं. ते मला सहन झालं असतं. पण भिंगरीच्या खोक्यावर ठळक अक्षरात छापून आलं, 'बटन जे हो म्हणतं'. खोक्याच्या आतलं सगळं माझं होतं, आणि बाहेरचं एकमेव वाक्य त्यांचं.

त्यानंतर पाचगणीचं झालं. तिथल्या एका बोर्डिंग शाळेनं आम्हाला दोन दिवस दिले होते. आम्ही टेबलावर तीनही यंत्रं मांडली, परदेशी, चिनी आणि आमचं. मुलं येतील, खेळतील, मी घड्याळ लावून टिपून घेणार. अक्का मागच्या बाकावर हात बांधून बसल्या होत्या. मुलांनी भिंगरी सोडायलाच नकार दिला. रांग लागली. एका मुलानं आमचं यंत्र पुढच्या मुलाला देताना अक्षरशः उसासा सोडला. मी आनंदानं वेडा झालो होतो. पसरणी घाट उतरताना मी गाडीत अभयला आकडे वाचून दाखवत होतो. अक्का मागच्या सीटवर गप्प होत्या.

शेवटी अभयनंच विचारलं, "अक्का, तुम्ही काही बोलत नाही?"

"काय बोलू दादा? हितं फोनला बंदी हाय. ही पोरं महिना महिना फोन बघंनात. त्यास्नी काय बी दिलं तरी ती खेळनार. ह्यांच्यावरनं सांगलीचा अंदाज बांधू नका."

वाई जवळ आल्यावर त्या पुन्हा म्हणाल्या, "आन् धा मिन्टांनी पोरांचं खांदं वर येत हुतं. आपल्या मशीनचं वजन फुडं हाय. त्या परदेशी मशीनवर खांदं खालीच ऱ्हायले."

मी खिडकीबाहेर बघत होतो. दोन दिवस मी मुलांचे चेहरे बघितले होते. खांदे मला दिसलेच नव्हते.

"मग सांगलीत आपलं घेणार कोण?" अभयनं विचारलं. "प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. त्यावर खेळ फुकट."

"फोनवर खेळताना कोन ना कोन हाक मारतंय. कामावरनं, घरनं, बँकेतनं. ज्याला घटकाभर कुनाचीच हाक नको हाय, त्यो घेईल की."

अभयनं गाडी बाजूला घेतली आणि वहीत ते लिहून काढलं. आमचा खरा स्पर्धक ती दोन यंत्रं नसून खिशातला फोन आहे, आणि भिंगरीत मुद्दाम फोनशी जोडणारं काही ठेवायचं नाही, हा पुढच्या वर्षाचा सगळा बेत त्या रस्त्याच्या कडेला ठरला. बँकेच्या माणसांसमोर, दुकानदारांसमोर अभय तो मांडायचा आणि दर वेळी सांगायचा की हे अक्कांचं. मी शेजारी बसून मान हलवायचो. बॅटरी मागे सरकवायचं काम मी पंधरा दिवसांत केलं. ते कुणाचं हे कुणी विचारलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते.

दिवाळीला भिंगरी बाजारात आणायची ठरली. चिनी यंत्राचं नवं मॉडेल त्याच सुमारास येणार असल्याची बातमी होती, त्यामुळे उशीर परवडणारा नव्हता. दोन महिने आधी अक्कांनी पाच यंत्रं मागून घेतली आणि वापरायला वाटली. दोन गुऱ्हाळावरच्या माणसांना, एक औंधजवळच्या गावात सुट्टीवर आलेल्या जवानाला, दोन सांगलीत हॉस्टेलवर राहणाऱ्या भाचीला आणि तिच्या मैत्रिणीला. महिन्यानं ती परत आणली, मांडीवर घेतली, डोळे मिटले. मग एका कागदावर गोल अक्षरात लिहून कागद माझ्या टेबलावर ठेवला. तपासणीचा कागद आधी माझ्याकडे आणि माझ्याकडून अभयकडे, असा नियम होता. नियम माझाच.

पाचातल्या तीन यंत्रांची डावी दांडी हात न लावता आपोआप सरकत होती. घाम आणि धूळ आत जाते, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली एक ओळ होती, 'ह्ये आत्ता थांबवावे.'

मी कागद दोनदा वाचला. त्या बरोबर होत्या. ती दांडी मी निवडली होती, पुरवठादार मी शोधला होता. बदलायची तर दिवाळी हातची गेली असती, हे खरं. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला हेच कारण सांगितलं. पण ते कारण नव्हतं. त्याच सकाळी पुण्याहून काही पाहुणे आले होते. अभय त्यांना गाळा दाखवत होता. माझ्या टेबलापाशी "हे आमचे डिझाइनचे साहेब" म्हणून तो पुढे गेला आणि अक्कांच्या स्टुलापाशी वीस मिनिटं उभा राहिला. जाताना म्हणाला, "भिंगरी म्हणजे आमच्या अक्काच समजा."

मी कागद खणात टाकला आणि खण बंद केला.

दिवाळीत भिंगरी चांगली गेली. सांगली, इस्लामपूर, कऱ्हाड, सातारा, दुकानदार पुन्हा माल मागायला लागले. अभयनं पेढे वाटले. अक्का माझ्याकडे एकदाच आल्या आणि म्हणाल्या, "सायेब, दांडी बदलली व्हय?" मी म्हणालो, "बघतोय." त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

संक्रांतीपर्यंत यंत्रं परत यायला लागली. कोल्हापूरच्या एका मुलानं व्हिडिओ टाकला. त्यात आमच्या खेळातला गडी कुणी हात न लावता चालत चालत जाऊन विहिरीत पडत होता. पुन्हा उठायचा, पुन्हा पडायचा. तो व्हिडिओ गावोगाव फिरला. लोक हसले, दुकानदारांनी भिंगरी काढून तिथं चिनी यंत्र मांडलं.

अभयनं सगळ्यांना बोलावलं. त्याचा चेहरा उतरला होता. तो कुणावर ओरडला नाही. त्यानं फक्त विचारलं, "अक्का, तुमच्या हाताला हे कळलं नव्हतं?"

गाळ्यात पंचवीस माणसं होती. सगळी त्यांच्याकडे बघत होती. अक्कांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादं यंत्र मांडीवर घेतल्यावर वाट बघतात तसं.

मी खाली बघितलं.

"कळायला पायजे हुतं दादा," अक्का म्हणाल्या.

त्या दिवशी साडेपाचला त्या डबा घेऊन बाहेर बाकावर बसल्या तेव्हा मी गेलो. गेलो म्हणजे पाय गेले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

"तुम्ही सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तुमी सांगाल म्हनून थांबलो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतात तसं, थांबलो.

"मी नाही सांगितलं तर?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आता न्हाईच सांगितलं की तुमी."

मी तिथं उभा होतो. 'माझं चुकलं' हे दोन शब्द होते. ते त्या वेळी बाहेर आले नाहीत. त्याऐवजी मी म्हणालो, "उद्यापासून दांडीचं काम सुरू करतो."

"करा," त्या म्हणाल्या. "दोन घास खाताय का?"

मी नको म्हणालो.

पुढचे तीन महिने अक्का आणि त्या दोन मुलींनी परत आलेलं एकेक यंत्र उघडलं. दांडीच्या मुळाशी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, बारीक कडी बसवायची कल्पना त्यांचीच, पंपाच्या मोटारीत पाणी जाऊ नये म्हणून बसवतात तसली. मी ती मापात बसवली, नव्या यंत्राची रचना केली आणि दुसरी भिंगरी निघाली. ती टिकली. गुऱ्हाळावर टिकली, फौजेत गेली, सांगलीच्या हॉस्टेलांत गेली. आज बाजारात आम्ही तिसरे आहोत. पहिले दोघं फार पुढे आहेत आणि त्यांना गाठू असं मी कुणाला सांगत नाही. पण दुकानात आमचा फळीवरचा हात-दीड हात आहे आणि तो कुणी काढून घेतलेला नाही. दुसऱ्या भिंगरीबद्दल पुण्याच्या एका संस्थेनं बक्षीस दिलं, ते माझ्या नावावर. अक्कांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत काही आहे का, हे मी कितीतरी वेळ शोधत होतो. काही नव्हतं. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

वर्षभरानं अक्कांनी काम सोडलं. नवऱ्याचे गुडघे गेले होते, राहायला सांगलीत दिराकडे जायचं ठरलं. तिथं त्या चिनी यंत्राचं दुरुस्ती केंद्र निघालं होतं, त्यांनी अक्कांना लगेच ठेवून घेतलं. निरोपाच्या दिवशी अभयला बोलता येईना. भाषण मला करावं लागलं. 'आमच्या तपासणी विभागातल्या एक अनुभवी सहकारी' असं मी म्हणालो. 'एक' हा शब्द मी आदल्या दिवशी ठरवून घातला होता.

त्या गेल्यावर चार महिन्यांनी मी अभयला कागदाचं सांगितलं. आम्ही साताऱ्याहून परत येत होतो. त्यानं गाडीचा वेग कमी केला. मला वाटलं, आता उतर म्हणेल.

"अक्कांना सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"त्यांना माहीतच आहे."

"ते मी विचारलं नाही."

मी नाही म्हणालो. आजपर्यंत त्यानं तो विषय काढलेला नाही. माझी नोकरीही तशीच आहे. पण तेव्हापासून तपासणीचा कागद थेट त्याच्याकडे जातो.

गेल्या चैत्रात मी कामानं सांगलीला गेलो होतो. गाडी दुरुस्तीला दिलेली, म्हणून एसटीनं. परतीसाठी दुपारी स्टँडवर आलो तर फलाटाच्या टोकाच्या बाकावर अक्का बसल्या होत्या. केस बरेच पांढरे झालेले. शेजारी भाजीची पिशवी. मी ठरवलं, आता जायचं आणि ते दोन शब्द बोलायचे. लोक होते, ऊन होतं, काही बिघडत नव्हतं. मी त्यांच्यापासून आठ-दहा पावलांवर पोचलो आणि थांबलो.

त्या खेळत होत्या.

यंत्र दोन्ही हातांत, डोळे उघडे, चष्मा नाकावर घसरलेला. जीभ थोडी बाहेर. काहीतरी जोरात पुढे पळत होतं आणि त्या त्याच्यासोबत खांद्यांनी वळत होत्या. मग बहुतेक हरल्या, कारण स्वतःशीच "अगं बाई" म्हणून हसल्या आणि लगेच पुन्हा सुरू झाल्या. इतकी वर्षं मी त्यांना रोज हातात यंत्र घेतलेलं बघितलं होतं. खेळताना एकदाही बघितलं नव्हतं.

यंत्र कुणाचं ते दिसेना. मी खांबाच्या कडेनं दोन पावलं सरकलो. त्यांनी ते जरा तिरकं केलं तेव्हा मागचा लाल रंग दिसला, चिनी यंत्राचा. आमचं नव्हतं.

कऱ्हाडची गाडी लागली. लोक चढायला लागले. कंडक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, "येताय का ऱ्हाताय?" मी आणखी थोडा वेळ तिथंच उभा राहिलो. त्या जिंकायच्या बेतात होत्या आणि मला ते बघवत नव्हतं. मग चढलो, आणि त्यांच्या बाजूची खिडकी रिकामी असूनही पलीकडच्या सीटवर जाऊन बसलो.